बौद्ध स्थापत्याची साधने आणि आपली ग्रंथालये : एक चिकित्सा

अड्याळ हे पवनी तालुक्यातील, भंडारा-पवनी रस्त्यावरील गाव. ज्या पवनीत १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी संयुक्त उत्खनन करून जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथील दोन स्तूप उजेडात आणले, ते तालुक्याचे ठिकाण येथून एस.टी.च्या एका फेरीत गाठता येते. तथापि अड्याळच्या एखाद्या पदवीधर उपासकाने या स्तूपांच्या बांधणीचा अभ्यास करावयाचे ठरविले, तर स्तूप जवळ आणि ग्रंथ दूर अशी त्याची अवस्था होते. कोणता ग्रंथ पाहावा, तो कोठे मिळेल आणि मिळाल्यावर तो कसा वाचावा, या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला कोणी एकत्रितपणे दिलेली नाहीत. प्रस्तुत लेखात बौद्ध स्थापत्याच्या साधनग्रंथांची चिकित्सा आम्ही याच तीन प्रश्नांच्या अनुरोधाने करणार आहोत.

हा प्रश्न केवळ विद्यापीठीय नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर विदर्भातील गावोगावी उपासकांनी वर्गणी काढून विहार बांधले आणि आजही बांधत आहेत. स्थापत्याचा एवढा मोठा उद्योग चालविणाऱ्या समाजाजवळ त्या स्थापत्याची साधने हाताशी नसावीत, ही विसंगती गंभीर आहे. परिणामी घुमट हा एकच आकार ‘बौद्ध’ ठरतो, आणि वास्तू कशासाठी, कोणासाठी व कशी असावी याविषयी आपल्याच परंपरेने केलेला विचार दृष्टीआड होतो.

वर्गीकरणाची अडचण

पहिली अडचण ग्रंथालयाच्या कपाटापाशीच सुरू होते. आपल्याकडील अनेक महाविद्यालयीन ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धती रूढ आहे. तिच्यात वास्तुकलेला ७२० हा क्रमांक असून धार्मिक वास्तू ७२६ खाली येतात. बौद्ध धम्म २९४.३ मध्ये आणि प्राचीन भारताचा इतिहास ९३४ मध्ये असतो. कोरीव लेखांचे ग्रंथ भाषा व लिपी यांच्या विभागात जातात, तर उत्खननाचे अहवाल बहुधा शासकीय प्रकाशनांत किंवा नियतकालिकांच्या दालनात ठेवलेले असतात. म्हणजे पवनीचा एकच स्तूप ग्रंथालयात चार-पाच ठिकाणी विखुरला जातो. ‘वास्तुकला’ या एकाच विषयशीर्षकाखाली शोध घेणाऱ्याच्या हाती त्यातील एखादाच तुकडा लागतो, आणि या विषयावर फारसे लिहिलेच गेलेले नाही, असा चुकीचा निष्कर्ष काढून तो परत फिरतो.

दुसरी अडचण नावांची. इंग्रजी ग्रंथांत पवनीचे नाव तीन-चार प्रकारे लिहिलेले आढळते. शिवाय रामटेक तालुक्यात आणखी एक पवनी आहे. अड्याळचीही तीच गत : चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी तालुक्यात ‘अड्याळ टेकडी’ म्हणून प्रसिद्ध असलेले स्थान वेगळे आहे. सूचीत केवळ गावाचे नाव पाहून नोंद उतरवून घेणारा अभ्यासक एका जिल्ह्याचा पुरावा दुसऱ्या जिल्ह्याच्या पदरात टाकू शकतो. म्हणून गावाबरोबर तालुका व जिल्हा नोंदविण्याची सवय हा शोधाचा पहिला नियम मानावा, असे आम्ही सुचवितो.

राजकीय सीमा आणि ग्रंथांच्या सीमा

कोणत्या प्रदेशाचे बौद्ध अवशेष कोणत्या ग्रंथमालेत सापडतील, हे बौद्ध इतिहासावरून ठरलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील राज्यकारभाराच्या सीमांनी ते ठरविले. कार्ले, भाजे, कान्हेरी, जुन्नर, नाशिक ही लेणी मुंबई इलाख्यात होती. त्यांना फर्ग्युसन व बर्जेस यांचा ‘द केव्ह टेम्पल्स ऑफ इंडिया’ (१८८०), बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा लेण्यांतील कोरीव लेखांचा संग्रह (१८८१) आणि पश्चिम भारताच्या सर्वेक्षणमालेतील बर्जेसचा चौथा खंड (१८८३) लाभला. अजिंठा निजामाच्या राज्यात असल्यामुळे तेथील चित्रांचे मोठे काम गुलाम याझदानी यांच्या चार भागांत (१९३० ते १९५५) झाले. भंडारा जिल्हा मात्र मध्य प्रांतात होता. मुंबई इलाख्याच्या ग्रंथमालांत त्याचा शोध घेणे निष्फळ आहे. त्यासाठी कनिंगहॅमच्या अहवालमालेतील मध्य प्रांतासंबंधीचे सातवा (बेग्लरचा), नववा व सतरावा हे खंड, हेन्री कझिन्स याची मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी (१८९७), रसेल याने संपादिलेले भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर (१९०८) आणि हिरालाल यांची कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची (१९१६, सुधारित आवृत्ती १९३२) ही साधने आहेत.

ही सीमारेषा लक्षात न घेतल्यामुळे एक दोष आपल्या लेखनात रूढ झाला आहे. ‘महाराष्ट्रातील बौद्ध स्थापत्य’ या नावाच्या व्याख्यानांतून व पुस्तिकांतून सह्याद्रीतील लेणी सविस्तर येतात आणि विदर्भातील विटांचे स्तूप दोन ओळींत आटोपतात. याचे कारण विदर्भात काही नव्हते हे नसून, लेखकाच्या हाती मुंबई इलाख्याचीच ग्रंथमाला होती, हे आहे. व्ही. व्ही. मिराशी यांच्या कार्यामुळे ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघाली. पवनी येथील भार राजा भगदत्ताचा शिलालेख त्यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या चोविसाव्या खंडात प्रसिद्ध केला आणि वाकाटकांच्या कोरीव लेखांचा ग्रंथ १९६३ मध्ये सिद्ध केला. त्यांचा ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ (१९७९) हा ग्रंथ मराठीत आहे, ही गोष्ट ग्रामीण वाचकाच्या दृष्टीने विशेष मोलाची होय.

उत्खनन-अहवाल कसा वाचावा

पवनीविषयीचा मूळ आधारग्रंथ म्हणजे शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा १९६९-७० च्या उत्खननाचा अहवाल. तो नागपूर विद्यापीठाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. उत्खनन संपल्यावर दोन-तीन वर्षांच्या आत संपूर्ण अहवाल हाती यावा, हे आपल्याकडे सहसा घडत नाही. त्याबद्दल या दोन्ही विद्वानांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे १९९४ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने पवनी येथे हरदोलाला टेकडीवर पुन्हा काम केले. त्याचा अमरेंद्र नाथ यांनी लिहिलेला वृत्तांत सर्वेक्षणाच्या स्मृतिग्रंथमालेत १९९८ मध्ये आला. यांखेरीज ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात त्या त्या वर्षीच्या उत्खननाचा संक्षेप असतो. अभ्यासकाने प्रथम हा संक्षेप वाचावा आणि मग अहवालाकडे वळावे, म्हणजे वाट सुकर होते.

अशा अहवालांच्या रूढ मांडणीविषयी मात्र आम्हांस एक आक्षेप नोंदवावयाचा आहे. त्यांत थर, वास्तू, मृद्भांडी, नाणी, शिल्पे व कोरीव लेख यांची प्रकरणे वेगवेगळी असतात. पुरातत्त्वाच्या शिस्तीला ते आवश्यक आहे, हे आम्ही जाणतो. परंतु त्यामुळे वेदिकेचा एक स्तंभ तीन ठिकाणी विभागला जातो : त्याचे स्थान एका प्रकरणात, त्यावरील शिल्प दुसऱ्यात आणि त्यावरील दात्याचे नाव तिसऱ्यात. स्थापत्याच्या अभ्यासकाला हे तुकडे पुन्हा जुळवावे लागतात. प्रत्येक स्तंभासाठी एक स्वतंत्र कागद घेऊन त्यावर आकृती, स्थान, शिल्प व लेख एकत्र उतरविणे हा यावरील साधा उपाय होय.

हे कष्ट व्यर्थ जात नाहीत. पवनीच्या अवशेषांत मुचलिंद नागाचे नामांकित शिल्प आहे आणि दानलेखांत ‘पंचनेकायिक’ अशी उपाधी आढळते. हीच उपाधी भारहूतच्या लेखांतही आहे. पाच निकायांचे ज्ञान असलेली व्यक्ती वैनगंगेच्या काठी स्तूपाच्या बांधणीस दान देत होती, याचा अर्थ निकायांचे अध्ययन व स्तूपाचे बांधकाम ही येथे परस्परांपासून वेगळी कामे नव्हती. वास्तूचे प्रकरण वाचून लेखांचे प्रकरण सोडणाऱ्यास ही गोष्ट कळणार नाही. लेख वाचून आराखडा न पाहणाऱ्यालाही ती पूर्णपणे उमगणार नाही.

कोणाच्या शब्दांत वर्णन करावे

यापुढचा प्रश्न परिभाषेचा आहे. फर्ग्युसनने कार्ल्याच्या चैत्यगृहाची तुलना ख्रिस्ती उपासनामंदिराशी केली आणि त्याच वास्तूंसाठी घडलेले शब्द लेण्यांच्या वर्णनात आणले. मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यांचे भाषांतर केले. दुसऱ्या बाजूस प्रसन्नकुमार आचार्य यांचा वास्तुशब्दांचा मोठा कोश १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार ‘मानसार’ व इतर शिल्पग्रंथ हा आहे. त्या ग्रंथांची परंपरा आणि पवनीचा विटांचा स्तूप यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे. ही मर्यादा आनंद कुमारस्वामी यांनी लगेच ओळखली. १९२८ मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या निबंधात आचार्यांच्या कोशाचा परामर्श घेताना त्यांनी पालि व इतर प्राचीन वाङ्मयातील वास्तुशब्दांची भर घातली. आचार्यांचा कोश आजही उपयुक्त आहे. परंतु बौद्ध वास्तूसाठी तो एकटा वापरणे अयोग्य होय, आणि त्याच्याशेजारी कुमारस्वामींचा निबंध नसेल तर ते कपाट अपुरे समजावे.

या बाबतीत सर्वांत जवळचे साधन आपल्या विहारांतच आहे. ते स्थापत्याचे साधन म्हणून आपण वाचत नाही, इतकेच. विनयपिटकातील चुल्लवग्गाचा सेनासनक्खन्धक हा निवासव्यवस्थेचा खंड होय. राजगृहाच्या श्रेष्ठीने एका दिवसात साठ विहार उभारल्याची कथा त्यातच येते. विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय व गुहा हे निवासाचे पाच प्रकार तेथे अनुज्ञात आहेत. जोत्याला वीट, दगड वा लाकूड यांचा थर देणे, पायऱ्या व त्यांचा आधाराचा कठडा, खिडक्यांचे वेदिका, जाळी व गज असे तीन प्रकार, विटा, दगड, चुना, गवत व पाने यांचे छप्पर, यांचा तपशील तेथे आहे. प्रत्येक सोय कोणत्या अडचणीतून निर्माण झाली, तेही सांगितले आहे : पाणी आत शिरे म्हणून जोते उंच केले, चढताना भिक्खू पडत म्हणून कठडा आला. वास्तुशास्त्राचे इतके व्यवहारी विवेचन त्या काळच्या वाङ्मयात क्वचितच आढळेल.

सुत्तविभंगातील सहावा संघादिसेस नियम तर प्रत्येक विहार समितीने वाचावा असा आहे. स्वतःसाठी कुटी बांधणाऱ्या भिक्खूने लांबी-रुंदीची मर्यादा पाळावी, जागा संघाला दाखवावी, ती जागा मुंग्या, वाळवी आदी प्राण्यांच्या वसतीची वा धान्याच्या शेताला लागून असलेली नसावी, आणि वास्तूभोवती बैल जुंपलेली गाडी फिरू शकेल किंवा शिडी घेऊन चहूबाजूंनी जाता येईल एवढी मोकळी जागा असावी, असे तो नियम व त्याचे विवरण सांगतात. भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात या अटींचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वास्तू आणि तिच्या भोवतालचा परिसर यांचा एकत्र विचार ही अलीकडची कल्पना आहे, असे मानणाऱ्यांनी हे विवरण पाहावे.

स्तूपाच्या बांधणीसाठी ‘महावंसा’चे अठ्ठाविसाव्यापासूनचे अध्याय आहेत. पायातील दगड फोडून त्यांवरून पायांना चामडे बांधलेले हत्ती चालविल्याचे आणि स्तूपाचा आकार पाण्यावरील बुडबुड्यासारखा कल्पिल्याचे वर्णन त्यात येते. हा ग्रंथ सिंहलद्वीपाचा व पुष्कळ नंतरचा आहे. त्यावरून पवनीचा पाया कसा होता हे सिद्ध होत नाही. मात्र पाहणाऱ्याने पायाकडे लक्ष द्यावे, हा बोध त्यातून होतो.

तिसरा शब्दसाठा कोरीव लेखांचा. ल्यूडर्सची ब्राह्मी लेखांची सूची ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दहाव्या खंडाचे परिशिष्ट म्हणून प्रसिद्ध झाली, आणि लेणे, चेतियघर, सेलघर, पाण्याच्या टाक्यासाठी ‘पोढि’, दर्शनी भागासाठी ‘घरमुघ’ हे शब्द शोधावयाचे तर तीच वाट आहे. कार्ल्याच्या एका लेखात काम करणारा ‘वढकि’ आहे. विदर्भात सुताराला आजही वाढई म्हणतात. चुल्लवग्गातील ‘ओसारक’ आणि आपली ओसरी एकाच कुळातील दिसतात. हे साम्य केवळ कौतुकाचे नाही. जे शब्द आपल्या घराच्या बांधणीत अजून जिवंत आहेत, त्यांनी स्तूप-विहारांचे वर्णन करण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आजची उपलब्धता आणि तिचे धोके

ज्या ग्रंथांसाठी पूर्वी नागपूर, पुण्याचे डेक्कन कॉलेज किंवा मुंबईची एशियाटिक सोसायटी गाठावी लागे, त्यांपैकी जुने व प्रकाशनाधिकार संपलेले पुष्कळ ग्रंथ आता छायाचित्रित स्वरूपात महाजालावर आहेत. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाची पालि संहिता संगणकावर आणल्यामुळे ‘वातपान’ किंवा ‘नवकम्म’ हा शब्द संपूर्ण तिपिटकात व अट्ठकथांत क्षणात शोधता येतो. भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखालील नालंदा देवनागरी आवृत्तीच्या काळी हे कल्पनेतही नव्हते. अड्याळचा विद्यार्थी आज दूरध्वनीवर बर्जेस उघडू शकतो, ही क्रांतीच होय.

तथापि सावधगिरी हवी. स्थापत्यग्रंथाचा प्राण त्याच्या आराखड्यांत असतो. घडी घातलेले मोठे नकाशे छायाचित्रण करताना अनेकदा उलगडलेलेच नसतात, आणि पुढील अभ्यासकास अर्धा आराखडा मिळतो. पडद्यावर आकृती लहान-मोठी होत असल्याने ‘एका इंचास दहा फूट’ हे प्रमाण निरर्थक ठरते. आकृतीतच काढलेली मापपट्टी तेवढी विश्वसनीय राहते. जुनी मापे फुटांत व नवी मीटरमध्ये आहेत, हेही विसरू नये. मोजमाप उद्धृत करावयाचे असेल तर मुद्रित प्रत पाहणे अजूनही अपरिहार्य आहे. १९७२ चा पवनी अहवाल तर मुद्रित स्वरूपातच हाताळण्याजोगा ग्रंथ आहे.

विहाराचे कपाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरला स्वतःचे घर बांधले, ते ग्रंथांचा विचार करून बांधले आणि त्याला राजगृह हे नाव दिले. ज्या राजगृहात संघाला निवासाची अनुज्ञा मिळाली, त्या नगराचे नाव ग्रंथांच्या घराला मिळावे, याचा मर्मार्थ विहार बांधणाऱ्यांनी ध्यानात घ्यावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तो खुला झाला. त्याचे वास्तुकार शिवदानमल. बाह्यरूपाने तो सांचीची आठवण देतो, परंतु सांचीचा स्तूप भरीव आहे आणि हा आतून पोकळ, जनसमुदायाला सामावून घेणारा आहे. म्हणजे जुन्या रूपाला येथे नवे प्रयोजन दिले गेले. अनुकरण आणि विचारपूर्वक केलेला बदल यांतील फरक ज्याला साधने ठाऊक आहेत त्यालाच दिसतो. गावातील गवंड्यापुढे सांचीचे चित्र ठेवून ‘असे करा’ म्हणणाऱ्या समितीला तो दिसत नाही.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, आणि अ, ब, क, ड अशा वर्गांतील मान्यताप्राप्त ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. परंतु ‘ड’ वर्गाचे ग्रंथालय इंग्रजी उत्खनन-अहवाल खरेदी करील, अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे. हे काम विहाराने करावे. आमची सूचना मर्यादित आहे. अड्याळसारख्या प्रत्येक गावच्या विहारात एका कपाटाचा एकच खण या विषयासाठी ठेवावा. त्यात देवनागरी चुल्लवग्ग, मिराशींचा मराठी ग्रंथ, देवला मित्रा यांचे ‘बुद्धिस्ट मॉन्युमेंट्स’ (१९७१), पवनीच्या दोन्ही अहवालांच्या रीतसर परवानगीने काढलेल्या प्रती आणि कोणता ग्रंथ नागपुरात कोठे पाहावयास मिळतो याची एक हस्तलिखित सूची असावी. विषयावर लिहिलेली पण वेगवेगळ्या विभागांत विखुरलेली पुस्तके या सूचीतच एकत्र येतील.

त्याच खणात आणखी एक गोष्ट हवी. ती कोणत्याही ग्रंथालयातून मिळणार नाही. विहाराचा मूळ आराखडा, समितीचे ठराव, विटा-सिमेंटचा हिशेब आणि वर्गणीदारांची यादी. जुना विहार पाडून नवा बांधताना भिंतीवरील दात्यांच्या नावांची फरशी मलब्याबरोबर जाते, आणि कोणाला त्यात काही गैर वाटत नाही. पवनीच्या वेदिकेवर ज्यांनी आपली नावे कोरली, त्यांच्याविषयी आज आपण जे जाणतो ते केवळ तो दगड टिकला म्हणून. मजुरीतून दहा रुपये देणाऱ्या आपल्या आजीचे नाव त्या नावांइतकेच ऐतिहासिक आहे. तेव्हा येत्या वर्षावासात प्रत्येक विहार समितीने आपल्या वास्तूचे माप घ्यावे, जुनी फरशी काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र व नक्कल करून ठेवावी, आणि त्याची एक प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी कोणत्याही जबाबदार ग्रंथालयात जमा करावी, अशी आमची विनंती आहे.